इतिहासात एम.ए.साठी एसओपी: बहात्तरचा दुष्काळ, आजी आणि अडलेलं पहिलं पान

माणगंगाकाठ | ११ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी माण तालुक्यातली. साताऱ्याला इतिहास घेऊन बी.ए. केलं, त्याला दोन वर्षं झाली. सध्या एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना इतिहास-भूगोल शिकवते. आता एम.ए. करायचंय. इथल्या प्रवेशपरीक्षा देणारच आहे, पण लंडनच्या सोआस या विद्यापीठालाही अर्ज करायचा ठरवलाय. तिकडे प्रवेशपरीक्षा नाही. गुणपत्रक, शिफारसपत्रं आणि एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे का शिकायचंय ते सांगणारं निवेदन), एवढ्यावरच सगळं. तीन आठवडे झाले, पहिलं पान पुढे सरकत नाही. मूळ इंग्रजीत लिहिलंय, इथे मराठीत देते:

"लहानपणापासून मला इतिहासाची आवड आहे. वडिलांबरोबर मी पंधरा किल्ले पाहिले. शिवचरित्राने मला घडवले. जो समाज इतिहास विसरतो तो त्याच चुका पुन्हा करतो, असे मला वाटते. आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठात शिकून भारतीय इतिहासाचे सखोल ज्ञान मिळवण्याची माझी तीव्र इच्छा आहे. मला वसाहतकालीन इतिहास, स्त्रियांचा इतिहास, ग्रामीण इतिहास आणि दुष्काळ या विषयांत रस आहे."

वाचून काय वाटतं ते मोकळेपणाने सांगा. वाईट वाटून घेणार नाही.

---

जुनीपाने | ११ नोव्हेंबर, रात्री १०:५५

तुला 'तू' म्हणते, चालेल ना? माझी मुलगी तुझ्याहून मोठी आहे. पदव्युत्तर वर्गांना इतिहास शिकवून निवृत्त झालेय. प्रवेशाच्या मुलाखतींना बसलेय, अशी निवेदनं गठ्ठ्याने वाचली आहेत.

पहिली पाच वाक्यं खोटी नाहीत, पण ती तुझी नाहीत. महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्या दहांपैकी सहाजण हीच लिहितात. किल्ल्यांचं प्रेम खरं असलं तरी वाचणाऱ्याला त्यातून तुझ्याबद्दल काही कळत नाही.

मी थांबले ती शेवटच्या शब्दावर. दुष्काळ. चार विषयांच्या रांगेत तो सगळ्यात शेवटी उभा केलास. माण तालुक्यातली मुलगी दुष्काळ हा शब्द लिहिते तेव्हा त्याच्यामागे काहीतरी असतं. काय आहे ते? एसओपी बाजूला ठेव आणि आधी इथे मराठीत लिही.

---

माणगंगाकाठ | १२ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

चालेल की, 'तू'च म्हणा.

मागे आहे ती आजी. बहात्तरच्या दुष्काळात ती खडीवर जायची. लग्न होऊन तीन वर्षं झालेली, माझे मोठे काका पोटात. रस्त्याच्या कडेला बायका रांगेने बसून हातोडीने दगड फोडायच्या. दुपारी सुकडी मिळायची. रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली होती, तिच्या भाकरीला चव नसायची, ती थापताना तुटायची. आजी आजही ज्वारी निवडताना एखादा लालसर दाणा दिसला की बाजूला टाकते.

हे सगळं तिने शंभरदा सांगितलंय. पण गेल्या उन्हाळ्यात एक वेगळी गोष्ट सांगितली. खडीचा ढीग मोजून मजुरी ठरायची. एक आठवडा मोजमाप कमी लावलं. बायकांनी हातोड्या खाली ठेवल्या आणि दोन दिवस तिथेच बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी साहेब आला, पुन्हा मोजलं. मी विचारलं, "आजी, घरात खायला नव्हतं, तरी काम थांबवलंत?" ती म्हणाली, "खायाला नव्हतं म्हनूनच बसलो. भीक मागाय गेलो हुतो का? कामाचं पैसं हुतं ते."

हे एसओपीत घालायचं नाही असं मला वाटत होतं. घरगुती वाटतं. कॉलेजात सर म्हणायचे, इतिहासात 'मी' आणू नये.

---

ब्लूम्सबरीत_सध्या | १२ नोव्हेंबर, दुपारी १:३०

आजीचं ते वाक्य वाचून जेवताना हात थांबला.

मी लंडनमध्ये सोआसच्याच भागात एम.ए. करून आता पीएचडी करतोय. मूळचा सोलापूरचा. माझ्या अनुभवातून सांगतो. एसओपी म्हणजे चारित्र्याचा दाखला नाही आणि आत्मचरित्रही नाही. वाचणारा प्राध्यापक एकच अंदाज घेत असतो: या व्यक्तीला वर्षभर एक प्रश्न धरून ठेवता येईल का? ब्रिटनमधलं एम.ए. एका वर्षाचं असतं. सप्टेंबरअखेर पोहोचायचं, दिवाळीपर्यंत पहिल्या निबंधाचं ओझं डोक्यावर, आणि उन्हाळ्यात प्रबंध. तिथे जाऊन विषय शोधू म्हणणाऱ्याचे हाल होतात. म्हणून त्यांना प्रश्न आधीच हवा असतो. पुढे बदलला तरी चालतो.

तुझ्याकडे प्रश्न आहे: उपाशी माणूस मदतीचं काम का नाकारतो?

सरांचं 'मी आणू नये' हे प्रबंधापुरतं बरोबर असेल. एसओपीत 'मी' हवाच. पण 'मला आवड आहे' म्हणणारा 'मी' नको, 'मी हे ऐकलं, मग हे शोधलं, तिथे अडले' असं सांगणारा हवा. या विषयावर आधी कोणी लिहिलंय ते वाचलंयस का? अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी १९७०-७३ च्या महाराष्ट्राच्या दुष्काळावर सविस्तर लिहिलंय. इतिहासकार डेव्हिड अर्नोल्ड यांचा मद्रास इलाख्यातल्या १८७६-७८ च्या दुष्काळावरचा लेख आहे, शेतकरी त्या संकटाकडे कसे पाहत होते आणि काय करत होते यावर. दोन्ही वाच आणि तुझी आजी त्यांत कुठे बसते, कुठे बसत नाही ते बघ. एसओपीचा दुसरा परिच्छेद तिथून निघेल.

---

दप्तरदार | १२ नोव्हेंबर, रात्री ८:०५

विषय उत्तम, पण मला एक गोष्ट स्पष्ट विचारायची आहे. १९७२ चे कागद महाराष्ट्रात आहेत, माणसं महाराष्ट्रात आहेत, मग लंडनला जाऊन काय करणार?

महसूल खात्यात ३१ वर्षं नोकरी केली, त्यातला बराच काळ अभिलेख कक्षाशी संबंध होता. आमच्याकडे कागद अ, ब, क, ड अशा वर्गांत लावतात. 'अ' कायम राहतो, 'ड' वर्षभरात नष्ट होतो. तुमच्या आजींचं नाव ज्या मस्टरवर (हजेरीपटावर) होतं ते आज मिळेल, या भरवशावर राहू नका. अशी मस्टरं मुदत संपली की जातात. कामाचा हिशेब राहतो, कामावरची माणसं राहत नाहीत. नोकरीत असताना याचं काही वाटलं नाही. आज तुमचं वाचून वाटलं.

काय मिळू शकेल ते सांगतो. पाझर तलावांच्या भूसंपादनाची प्रकरणं, ग्रामपंचायतीची ठराव बुकं, विधानसभेचं कार्यवृत्त (तिथे दुष्काळी कामांवरच्या मजुरीबद्दल आमदारांनी प्रश्न विचारलेले आहेत), सकाळ, केसरी आणि साताऱ्याच्या ऐक्यचे जुने अंक. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. यातलं काहीही लंडनमध्ये नाही. चांगला मार्गदर्शक मिळाला तर पुण्यात राहून हे काम अधिक खोल होईल, आणि घरावर कर्जही होणार नाही.

---

माणगंगाकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री ११:२०

दप्तरदार काका, तुमचा प्रश्न वाचल्यापासून झोप नाही. खरंच उत्तर नाहीये माझ्याकडे. 'जगप्रसिद्ध विद्यापीठ' हेच उत्तर होतं, आणि ते उत्तर नाही हे कळतंय.

मस्टरचं वाचून फार वाईट वाटलं. आजीचं नाव कुठेतरी लिहिलेलं सापडेल असं मनात होतं.

---

जुनीपाने | १३ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

दप्तरदारांनी विचारलेला प्रश्न निवड समितीही विचारणार. बरं झालं, इथेच आला.

मी एक धागा जोडून बघते. तुझ्या आजीने १९७३ च्या सुमारास जे केलं ते महाराष्ट्रात पहिल्यांदा घडलेलं नव्हतं. १८७६-७८ च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल या ब्रिटिश अधिकाऱ्याला सरकारने दुष्काळाची पाहणी करायला पाठवलं. खर्च कमी करण्यासाठी त्यांनी मजुरी उतरवली. कामावरच्या पुरुषाला दिवसाला पौंडभर धान्य आणि वर एक आणा, असा तो दर. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी या दरावर काम करायचं नाकारलं आणि ते छावण्या सोडून गेले. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवली, सरकारला निवेदनांमागून निवेदनं धाडली. पुढे तेच टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले.

त्याच वर्षी सावित्रीबाई जुन्नर भागात होत्या. ओतूरहून २० एप्रिल १८७७ ला त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात दुष्काळाचं वर्णन आहे. सत्यशोधक समाजाने दुष्काळातल्या मुलांसाठी धनकवडीला बालाश्रम काढला तोही याच काळात. म्हणजे सरकारी कागद एक सांगतो, सभेचा अहवाल दुसरं, आणि ओतूरचं पत्र तिसरंच.

त्या दुष्काळानंतर १८८० चा दुष्काळ आयोग आला, त्यातून दुष्काळ संहिता (दुष्काळात सरकारने काय करायचं त्याचे नियम) आल्या. काम द्या, मोजून घ्या, मोजून दाम द्या, ही पद्धत तिथे पक्की झाली. तुझ्या आजीच्या खडीचा ढीग मोजणारा माणूस त्याच पद्धतीचं शेवटचं टोक होता. दुसऱ्या बाजूने बघ: विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला, १९७२ मध्ये रोजगार हमीची योजना आली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. 'काम द्या' ही उपकाराची भाषा 'काम हा हक्क' अशी कधी झाली? ती मंत्रालयात बदलली की खडीच्या ढिगावर?

आता लंडनकडे ये. १८७७ च्या कामबंदीबद्दल मुंबई सरकारने कलकत्त्याला आणि लंडनला काय कळवलं, ते सगळं ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या (लंडनमधून भारताचा कारभार बघणाऱ्या खात्याच्या) दप्तरात आहे. त्या दप्तराची मांडणी लावली तर १४ किलोमीटर भरते. सोआसपासून ते चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. वर्षभराच्या एम.ए.चा प्रबंध १८७७ वर कर आणि १९७२ हा पुढचा टप्पा म्हणून सांग. तिकडे जायला हे कारण पुरेसं आहे, आणि ते खरंही आहे.

---

दप्तरदार | १३ नोव्हेंबर, दुपारी ४:४५

जुनीपाने बाईंचा मुद्दा मान्य. १८७७ साठी लंडन पटतं.

तरी भर घालतो. १८७७ चे गावपातळीवरचे कागद, कुलकर्ण्यांची दप्तरं, मोडीत आहेत. सरकारी इंग्रजी अहवालाच्या खाली ते गाडले गेलेत. लंडनमध्ये मोडी वाचणारे किती भेटतील? तुम्ही जाण्याआधी मोडी शिकून घ्या, सहा महिने पुरतात. एसओपीत "मोडी शिकत आहे" असं लिहायचं असेल तर आधी वर्गाला नाव घाला. मुलाखतीत कोणी पान समोर ठेवलं तर चार ओळी वाचता आल्या पाहिजेत.

आणि राजेवाडीचा तलाव विसरू नका. म्हसवडजवळचा तो तलाव इंग्रजांच्या काळात दुष्काळी काम म्हणून बांधायला घेतला होता. तुमच्या तालुक्याच्या शिवेवर आहे.

---

माणगंगाकाठ | १३ नोव्हेंबर, रात्री १०:००

राजेवाडीच्या तलावावर आम्ही शाळेच्या सहलीला जायचो! तो दुष्काळी कामातून झाला हे मला आज कळलं. आजीला विचारलं तर म्हणाली, "मंग? आमच्या आधीबी कुनीतरी खडी फोडलीच आसंल की."

---

शब्दांकित | १४ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

धागा फार छान चाललाय. दोन व्यवहाराच्या गोष्टी. फेलिक्स शिष्यवृत्ती भारतीय विद्यार्थ्यांना ऑक्सफर्ड, रेडिंग आणि सोआसमध्ये मिळते. तिचा अर्ज वेगळा असतो, तारखा लवकर येतात, आजच बघून ठेव. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इथल्या इतर वाचकांना उपयोगी पडेल.

आणि शिफारसपत्र देणाऱ्या सरांना तुझा मसुदा आधी दाखव. नाहीतर ते "अभ्यासू व नम्र विद्यार्थिनी" एवढंच लिहितील आणि तुझ्या प्रश्नाचा त्यात पत्ताच नसेल.

---

माणगंगाकाठ | १९ नोव्हेंबर, रात्री ९:१५

पाच दिवस लागले. यावेळी आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजी केलं. त्याने खूप फरक पडला. इंग्रजीत लिहायला बसले की मला ऐकलेली वाक्यंच सुचत होती. सुरुवात अशी:

"१९७३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका दुष्काळी कामावर माझ्या आजीने आणि तिच्याबरोबरच्या स्त्रियांनी दोन दिवस खडी फोडणे थांबवले, कारण त्यांच्या खडीचे मोजमाप कमी लावले गेले होते. त्यांच्या घरांत धान्य नव्हते. त्या शतकानुशतके दबलेल्या, आवाजहीन स्त्रिया होत्या, पण त्यांनी व्यवस्थेला हादरवून सोडले. सुमारे शंभर वर्षे आधी, १८७७ मध्ये, मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी टेंपल यांच्या मजुरीवर काम करण्यास नकार दिला होता. उपासमारीच्या काळात मदतकार्यावरचे लोक काम नाकारतात तेव्हा ते काय मागत असतात, हा माझा प्रश्न आहे."

पुढे द्रेझ आणि अर्नोल्ड यांच्यावर एक परिच्छेद आहे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख लोक होते. एवढ्या लोकांना काम मिळालं म्हणून उपासमारीने होणारे मृत्यू टळले, हे द्रेझ दाखवतात. पण माझं म्हणणं असं की त्या ५० लाखांचं कामाबद्दल स्वतःचं मत होतं, आणि ते मोजमापाच्या भांडणात दिसतं.

एक अडचण आहे. दुसऱ्या वर्षाला माझे गुण एकदम खाली आले होते. वडील आजारी होते, मी घरी होते. ते लिहू का?

---

ब्लूम्सबरीत_सध्या | १९ नोव्हेंबर, रात्री ११:५०

हे पहिल्या मसुद्याशेजारी ठेवून वाच. एकाच हाताने लिहिलंय असं वाटत नाही.

"शतकानुशतके दबलेल्या, आवाजहीन" हे वाक्य काढ. आजी आवाजहीन असती तर साहेब परत मोजायला आला नसता. "व्यवस्थेला हादरवून सोडले" हेही काढ. दोन दिवस बसल्या, पुन्हा मोजून घेतलं. तेवढंच लिही.

गुणांचं एका वाक्यात लिही: कौटुंबिक आजारपणामुळे दुसऱ्या वर्षी खंड पडला, तिसऱ्या वर्षाचे गुण सोबत आहेत. दया मागितल्यासारखा सूर लागला की वाचणारा अवघडतो. आणि 'जगप्रसिद्ध' शब्द पुन्हा कुठे आला असेल तर शोधून काढ. त्या विभागात कोण शिकवतं ते बघ, ज्यांचं काम तुझ्या प्रश्नाला लागून आहे त्यांचा निदान एक लेख पूर्ण वाच, मगच नाव घे. नुसतं नाव घेतलेलं पहिल्या ओळीत कळतं.

---

जुनीपाने | २० नोव्हेंबर, सकाळी ८:२०

माझी एकच भर. आजीची परवानगी घेतलीस का? तिचं बोलणं तू परक्या देशातल्या लोकांना सांगणार आहेस. घरचं माणूस आहे म्हणून आपण गृहीत धरतो. मौखिक इतिहासात पहिली पायरी हीच, आणि तू ती पाळलीस हे एसओपीत एका वाक्यात आलं तर समितीला कळेल की तुला या कामाची रीत ठाऊक आहे. तारीख, जागा, किती वेळ बोललात, रेकॉर्ड केलं का, हे आत्तापासून वहीत लिहीत जा.

आणि आठवण जशी आहे तशीच घे. तिला साल चुकीचं आठवत असेल, दोन दिवस होते की चार, तेही सांगता येणार नाही. ते लपवू नकोस. ऐक्यच्या अंकात काही सापडतं का ते बघायचं आहे, असं सरळ लिही.

---

माणगंगाकाठ | २० नोव्हेंबर, रात्री १०:४०

आजीला विचारलं. आधी लाजली. मग म्हणाली, "साहेबाचं नाव नको घालू, तो मानूस वाईट नव्हता. बाकी घाल." तिच्याबरोबर बसलेल्यांपैकी दोघीजणी अजून आहेत, एक दहिवडीला लेकीकडे, एक गावातच. रविवारी आजीला घेऊन गावातल्या आत्याबाईंकडे जातेय. फोनवर रेकॉर्ड करणार, आधी विचारून.

---

माणगंगाकाठ | ७ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

काल अर्ज पाठवला. 'आवाजहीन' गेलं, 'जगप्रसिद्ध' गेलं, किल्ले गेले. वडिलांना थोडं वाईट वाटलं, त्यांना समजावलं.

आत्याबाईंचं सांगणं आजीपेक्षा वेगळं निघालं. त्या म्हणतात, बसलो तो एकच दिवस, आणि भांडण मोजमापाचं नव्हतं. पाळण्यातल्या पोरांसाठी सावलीची झोपडी बांधून देतो म्हणाले होते, ती बांधली नव्हती म्हणून बसलो. दोघी माझ्यासमोर अर्धा तास वाद घालत होत्या. दोन्ही लिहून घेतलं, आणि एसओपीच्या शेवटच्या परिच्छेदात दोन्ही ठेवलं: एक मोजमाप म्हणते, दुसरी सावली म्हणते, आणि या दोन उत्तरांतलं अंतर मला समजून घ्यायचंय.

मोडीच्या वर्गाला नाव घातलंय, शनिवारी सुरू होतोय. दप्तरदार काका, आपल्या ग्रामपंचायतीत १९७२-७३ चं ठराव बुक आहे म्हणतात, पण दाखवायला नको म्हणतात. अर्ज कोणाच्या नावाने करायचा?

---

दप्तरदार | ७ डिसेंबर, रात्री ८:५०

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या (पूर्वीचे ग्रामसेवक) नावाने साधा अर्ज करा, विषयात "अभ्यासासाठी अवलोकन" असं लिहा. पोच घ्या. दिलं नाही तर माहिती अधिकारात जन माहिती अधिकारी म्हणून त्यांच्याच नावाने अर्ज होतो. पण आधी एकदा आजींना घेऊन जाऊन बसा. मसुदा मला इथे टाका, शब्द बघून देतो.